पद : मशीन

भाच्याने अर्जात आत्याच्या नावापुढे ‘मशीन’ असं लिहिलं आणि तिथून सगळं बिनसलं.

अर्ज नोकरीचा होता. कंपनी मोठी. म्हणजे इतकी मोठी, की इमारतीला बाहेरून नुसत्या काचा, पण आतलं काही दिसेल तर शपथ. अर्जाच्या शेवटी एक चौकट होती : ‘आमच्याकडे काम करणाऱ्या किंवा पूर्वी काम केलेल्या कुणी आपली शिफारस केली आहे का?’ त्याखाली रिकाम्या जागा, नाव, नातं आणि पद. भाच्याने नाव लिहिलं आत्याचं. नातं लिहिलं, आत्या. पदापाशी मात्र तो अडला. घरात आत्या नेहमी म्हणायची, “मी त्या कंपनीत मशीन होते.” मग त्याने तेच लिहिलं. आत्याला विचारलं नाही. खरं तेच तर लिहिलं होतं, त्यात विचारायचं काय?

(हा भाचा म्हणजे हे लिहिणाराच. पण गोष्ट त्याची नाही, आत्याची आहे. त्यामुळे त्याने इथे भाचा म्हणूनच एका कोपऱ्यात उभं राहावं, हे बरं.)

आठवड्याच्या आत उत्तर आलं. आत्या दुकानात कुणाच्या तरी दाखल्याच्या झेरॉक्स काढत होती. भाच्याने फोनवर आलेलं मोठ्याने वाचलं : ‘आपण संदर्भ-व्यक्तीविषयी दिलेली माहिती खोटी असल्याचे आढळले आहे. सदर व्यक्ती आमच्या नोंदीत नाही. नमूद केलेले पद अस्तित्वात नाही. पुढील एक वर्ष आपला कोणताही अर्ज विचारात घेतला जाणार नाही.’

झेरॉक्सचा हिरवा उजेड आत्याच्या हनुवटीवरून सरकत गेला आणि परत आला.

“पुन्हा वाच,” ती म्हणाली.

“सगळं?”

“सगळं नको. तो एक शब्द वाच.”

“खोटी.”

आत्याने यंत्राचं झाकण मिटलं. दाखलेवाला गिऱ्हाईक म्हणाला, “बाई, अजून दोन कॉप्या राहिल्यात.” आत्या म्हणाली, “राहू द्या.” इतक्या वर्षांत तिने गिऱ्हाइकाला असं उत्तर कधी दिलं नव्हतं.

आत्याचं दुकान टायपिंग आणि झेरॉक्सचं. पुढे गल्ला, मध्ये पिवळ्या पानांचा हिरवा पडदा, पडद्याआड कागदांच्या रिमांनी भरलेली एक खोली. आत्याने लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं तर म्हणायची, “फॉर्म भरला होता, फोटो चिकटवायचा राहिला.” लोकांचे अर्ज टाइप करून करून तिला कुणाचंही अक्षर वाचता यायचं. डॉक्टरांचं, वकिलांचं, रागात लिहिणाऱ्याचं, पेन संपत आलेलं असताना लिहिणाऱ्याचं. याचा तिला गर्व नव्हता. तिला वाटायचं, अक्षर वाचणं म्हणजे बहिऱ्या माणसाशी बोलण्यासारखं आहे, जरा धीर धरला की कळतं.

भाचा तिच्याकडेच राहायचा. कॉलेज संपून वर्ष उलटलं होतं आणि नोकरीचा पत्ता नव्हता. शिकला लहान गावच्या शाळेत, त्यामुळे ‘ओळखीची माणसं’ म्हणजे मास्तर, वाणी आणि पोस्टमन. इथे तर प्रत्येक कंपनीला रेफरल हवं. आत्याला हे रेफरल प्रकरण प्रथम समजेना.

“म्हणजे वशिला,” ती म्हणाली.

“नाही गं आत्या. वशिला वेगळा. रेफरलमध्ये आतला माणूस आपलं नाव सुचवतो, आणि आपण लागलो तर कंपनी त्याला बक्षीस देते.”

“मग वशिलाच की. फक्त पूर्वी लाज वाटायची, आता बक्षीस मिळतं.”

त्या वर्षभरात भाच्याने ओळखीच्या-अनोळखी किती जणांना ‘सर, कृपया माझं नाव सुचवाल का’ म्हणून लिहिलं, त्याची मोजदाद नाही. शाळेत ज्याच्याशेजारी तो बाकावर बसायचा, ज्याला गणितं दाखवायचा, तो मित्र याच काचेच्या कंपनीत होता. त्याने उत्तर पाठवलं, ‘मी वैयक्तिकरीत्या ओळखत नसलेल्या लोकांना रेफर करत नाही.’ हे वाचून भाच्याला हसावं की रडावं कळेना. आत्याला मात्र कळलं. ती म्हणाली, “त्याला पुढचं गणित दाखवू नकोस म्हणजे झालं.”

आणि घरात तर त्या कंपनीचं अगदी सुरुवातीचं माणूस बसलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

ते असं. बऱ्याच वर्षांपूर्वी दोन मुलं आत्याच्या दुकानात यायला लागली. एकाचा चष्मा सारखा नाकावरून घसरायचा, तो चष्मा. दुसरा बोलता बोलता जांभया द्यायचा, विशेषतः घाबरला की, तो जांभई. आत्याने ठेवलेली ही नावं त्यांनीही मान्य केली होती. दोघांना जागा हवी होती. आत्याने रिमा एका भिंतीला सरकवून आतली खोली दिली. भाड्याचं म्हणाली, “जमेल तसं द्या,” आणि त्यांना ते जमेल तसंच जमलं.

त्यांनी मशीन बनवलं होतं. दुकानदाराने हाताने लिहिलेल्या यादीचा फोटो पाठवायचा, की मशीन ती वाचून स्वच्छ टाइप करून परत पाठवणार. कल्पना झकास. अडचण एवढीच, की मशीनला वाचता येत नव्हतं. ते एकाला सात म्हणायचं आणि सातला काहीच म्हणायचं नाही. एक लोखंडवाला तर शब्द लिहायचाच नाही, खिळा हवा असेल तर खिळ्याचं चित्र काढायचा. मशीनने ते चित्र वाचून त्याला ‘१’ पाठवला. लोखंडवाल्याने फोन करून जे सांगितलं ते चष्म्याने आत्याला सांगितलं नाही.

आत्या पडद्यातून डोकावली. “बघू,” म्हणाली. बघितलं. “खिळे, मोठे. आणि खाली लिहिलंय, सोमवारच्या आत.”

दुसऱ्या दिवसापासून मशीन म्हणजे आत्या. पुढचं दुकान तिची मैत्रीण सांभाळायची आणि आत्या पडद्यामागे तिच्या फिरत्या खुर्चीत बसून याद्या टाइप करायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, मशीन वाचतंय. उत्तराला उशीर झाला तर त्याच्या फोनवर यायचं, ‘यंत्र विचार करत आहे’. आत्या जेवायला बसली की जायचं, ‘देखभाल सुरू आहे’. तिच्या भावाचं, म्हणजे भाच्याच्या वडिलांचं ऑपरेशन होतं तेव्हा ती दवाखान्यात गेली, आणि यंत्रात ‘गंभीर बिघाड’ झाला. आत्याला या सगळ्याचं हसू यायचं. घरी येऊन सांगायची, “आज मशीनची कंबर दुखतेय.”

ती सुधारून द्यायची ती प्रत्येक यादी मुलं मशीनला भरवायची. म्हणजे त्या यंत्राला अक्षरओळख झाली ती आत्याच्या मांडीवर बसून. एकदा एका वाण्याने यादीच्या तळाशी लिहिलं, ‘घरी आजारपण आहे, माल उशिरा आला तरी चालेल.’ आत्याने यादी टाइप केली आणि खाली आपलं एक वाक्य घातलं, ‘काळजी घ्या.’ वाण्याला गहिवरून आलं. त्याने दहा दुकानांत सांगितलं, की हे मशीन माणसासारखं आहे. दहाची शंभर झाली.

मग पैसे लावणारा एक मोठा माणूस बघायला आला. पडदा ओढून घेतला. पाहुण्याने मुद्दाम वेडंवाकडं लिहिलं, फोटो पाठवला. आत आत्या श्वास रोखून टाइप करत होती. सगळं बिनचूक गेलं आणि शेवटी रिमांच्या धुळीने तिला शिंक आली.

पाहुणा म्हणाला, “हे काय?”

“पंखा,” जांभई म्हणाला, आणि जांभई दिली.

पैसे आले. मशीन तोवर बरंचसं वाचायला शिकलं होतं. मुलं मोठ्या जागेत गेली. जाताना जांभई म्हणाला, “आत्या, तिथे खुर्च्या यायच्यात अजून. तुमची दोन दिवस नेतो.” आत्या म्हणाली, “ने.” कधी तरी बोलावतील, असं तिला वाटत राहिलं. गरज सरली आणि वैद्य जिवंतच राहिला, एवढाच काय तो फरक. चष्म्याचं आणि जांभईचं पुढे फाटलं, चष्मा परदेशी गेला. आत्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून झेरॉक्स काढत राहिली. तक्रार तिने कधी केली नाही. ‘मी मशीन होते’ हा तिचा घरातला विनोद होता. तो विनोद आहे तोवर ठीक होतं.

पण खोटी?

दाखलेवाल्याचं काम तसंच टाकून आत्याने दुकान बंद केलं, पडद्याच्या उरलेल्या कापडाची शिवलेली पिशवी खांद्याला लावली आणि भाच्याला म्हणाली, “चल.”

“आत्या, असं जाता येत नाही. अपॉइंटमेंट लागते.”

“मी तिसरी आहे तिथली. तिसऱ्याला लागत नाही.”

कंपनीचा दर्शनी हॉल एवढा गार होता, की भाच्याने बाह्या खाली केल्या. रखवालदाराच्या शर्टावर छातीपाशी छापलं होतं, ‘काळजी घ्या’. समोरच्या भिंतीवर माणसाच्या उंचीएवढ्या अक्षरात तेच. चहाच्या कपांवर तेच. आत्या ते वाचत उभी राहिली. अक्षर छापील होतं, तरी तिला वाचायला वेळ लागला.

भिंतीवर पुढे गोष्ट होती. दोन मित्र, एक गॅरेज, उपाशी रात्री. पहिल्याच चाचणीत यंत्राने अचूक वाचलं, असं. आणि त्याखाली, लाल दोरीच्या आत, वरून उजेड सोडून ठेवलेली एक फिरती खुर्ची. पाटी : ‘याच खुर्चीत बसून आमच्या संस्थापकांनी पहिली ओळ लिहिली.’

खुर्ची डावीकडे किंचित कललेली होती. आत्या डावा पाय टेकून बसायची म्हणून कललेली. गादीला हिरवं कापड होतं, त्यावर पिवळी पानं.

आत्याने दोरी उचलली, खाली वाकून आत गेली आणि खुर्चीत बसली.

“अहो बाई, बसायची नाही ती,” रखवालदार धावला.

“मग काय करायची? पूजा?”

“साहेबांची खुर्ची आहे ती.”

“साहेब जन्मात बसला नाही यात. तो रिमांवर बसायचा. एका रिमेचे कोपरे दुमडले त्याच्यापायी, मी त्याच्याकडून पैसे भरूनसुद्धा घेतले नाहीत.”

गडबड ऐकून एक तरुण मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. भरतीचं काम तीच बघायची. ‘खोटी’ हे पत्र तिच्याच टेबलावरून गेलं होतं. भाच्याने नाव सांगितलं. मुलीच्या लक्षात आलं.

“पद मशीन, तेच ना तुम्ही?” तिने विचारलं. “आम्हाला वाटलं, कुणीतरी टिंगल केलीये.”

“टिंगल तुम्ही केलीये,” आत्या म्हणाली. “हा मुलगा सकाळी उठत नाही, भांडी घासत नाही, सगळं खरं. पण खोटं लिहीत नाही. तुम्ही त्याला खोटा ठरवलात, म्हणजे मला ठरवलंत.”

“काकू, नोंदीत तुमचं नाव नाहीये.”

“नोंदी ठेवायला मीच होते तिथे. स्वतःचं नाव कुठे लिहीत बसू?”

मुलगी काहीतरी बोलणार होती. पण तिची नजर आत्याच्या खांद्यावरच्या पिशवीकडे गेली. मग गादीकडे. मग पुन्हा पिशवीकडे. हिरवं कापड, पिवळी पानं. ती खाली बसली, आणि गादीची शिवण आणि पिशवीची शिवण तिने बोटाने चाचपून बघितली. दोन्हीकडे तोच मोठा, घाईचा टाका.

“मी सरांना बोलावते,” ती म्हणाली.

जांभई खाली आला. केस विरळ झाले होते, पोट आलं होतं. आत्याला खुर्चीत बघून त्याचा चेहरा क्षणभर खरंच फुलला. “आत्या! तुम्ही?” आणि मग त्याला आठवलं आपण कुठे उभे आहोत, आणि त्याने एक मोठी जांभई दिली.

तो सगळ्यांना एका काचेच्या खोलीत घेऊन गेला. भरतीवाली मुलगीही दाराशी बसली.

“आत्या, ते पत्र सिस्टीमने पाठवलंय. ते आपोआप जातं.”

“आपोआप,” आत्या म्हणाली. “तुमच्याकडे आपोआप काय काय होतं ते मला नको सांगूस.”

जांभई हसला. भाचा हसणार होता, पण आत्याचा चेहरा बघून थांबला.

“तुम्ही काळजीच करू नका,” जांभई म्हणाला. “मी स्वतः याला रेफर करतो. नवा अर्ज भर रे तू. सोमवारपासून ये. फक्त त्या पदापाशी काही लिहू नकोस.”

भाच्याने वर्षभर ज्याची वाट बघितली ते असं टेबलावर ठेवलं होतं. त्याने टेबलाखालून आत्याच्या पिशवीचा बंद हलकेच ओढला.

“का लिहू नये?” आत्याने विचारलं.

“आत्या, मोठमोठी माणसं पैसे लावतात आमच्यात. त्यांना सांगितलंय, पहिल्या दिवसापासून मशीनच वाचत होतं. आता मध्येच कसं सांगायचं, की पडद्यामागे एक बाई होती?”

“एक बाई नव्हती. मी होते.”

“तेच म्हणतो मी.”

“तेच नाही. आणि गॅरेज कुठलं रे? गाडी होती का तुमच्याकडे? सायकल होती, ती पण चष्म्याची.”

“गोष्ट सांगायची म्हटली की थोडं इकडेतिकडे होतं, आत्या. सगळ्याच कंपन्यांच्या गोष्टीत गॅरेज असतं. लोकांना ते आवडतं.”

“गोष्टीत चार माणसं गाळावी लागतात, कबूल. पण आपण होतो किती? तीन. तिघांतली एक गाळलीत, आणि तिचे शब्द शर्टावर छापलेत. शर्टावर! त्या रखवालदाराला तरी माहीत आहे का, तो कुणाचं बोलणं छातीवर घेऊन फिरतो?”

जांभईने एक जांभई दाबली. मग हळूच म्हणाला, “तुम्हाला काय हवंय, सांगा.”

भाच्याने पुन्हा बंद ओढला. आत्याने पिशवी मांडीवर घेतली.

“तुझी शिफारस नको. उद्या याला कुणी विचारलं, कुणाच्या ओळखीने आलास, तर हा सांगेल, तुझ्या. आणि तू कुणाच्या ओळखीने वर आलास ते तू सांगत नाहीस. असल्या माणसाची ओळख घेऊन काय करायची? मला एवढंच लिहून हवंय, की या मुलाने दिलेली माहिती खरी आहे. बाकी तुझी भिंत, तुझं गॅरेज, तुला लखलाभ.”

“बघतो,” जांभई म्हणाला.

‘बघतो’ म्हणजे काय, हे आत्याला टायपिंगच्या धंद्यात कळून चुकलं होतं. ती उठली. हॉलमधून जाताना खुर्चीपाशी थांबली.

“ती पाठवतो मी,” जांभई मागून म्हणाला. “दोन दिवसांत.”

“मागेही दोनच म्हणाला होतास.”

बाहेर आल्यावर भाच्याने बाह्या पुन्हा वर केल्या. मग म्हणाला, “आत्या, तो नोकरी देत होता.”

“ऐकलं मी. बहिरी नाही.”

“वर्ष झालं मी घरी बसलोय.”

“मला ठाऊक आहे. भाजी मीच आणते.” थोडं चालून ती म्हणाली, “तुला हवी असेल तर जा. मी अडवणार नाही. पण मग घरी मशीनची गोष्ट कुणाला सांगायची नाही. ती खोटी ठरली.”

भाचा गेला नाही. फार मोठा विचार केला म्हणून नव्हे. आत्या तीन दिवस त्याच्याशी बोलताना ‘अहो’ म्हणाली, ते त्याला सहन झालं नाही.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. भरतीवाल्या मुलीने पाठवलेलं. साहेबाला विचारून की न विचारता, ते तिलाच ठाऊक. ‘पुनर्पडताळणीत आपण दिलेली माहिती खरी असल्याचे आढळले आहे. आपल्या संदर्भ-व्यक्तीची नोंद क्रमांक तीनवर घेण्यात आली आहे. नमूद केलेले पद यादीत उपलब्ध नसल्याने “इतर” असे नोंदवले आहे. आपला अर्ज पुन्हा विचारात घेत आहोत.’

“खरी,” भाच्याने वाचलं.

“ते कळलं. पुढचं काय म्हणालास?”

“इतर.”

“इतर!” आत्याने झेरॉक्सचं झाकण आपटलं. “वीजबिल भरताना शेवटी असतं ना, इतर आकार? ती मी.”

भाच्याला मुलाखतीला बोलावलं. तीन माणसं समोर बसलेली. एकाने शेवटी विचारलं, आमच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल काय माहीत आहे? उत्तर भिंतीवर लिहिलेलं होतं, येताना वाचून यायचं एवढंच. भाच्याने खिळ्याचं चित्र सांगितलं, शिंक सांगितली, पंखा सांगितला. समोरच्या तिघांपैकी दोघांनी खाली बघितलं. तिसऱ्याने विचारलं, “हे कुठे छापलंय?” भाचा म्हणाला, “अजून कुठेच नाही.”

नोकरी मिळाली नाही.

आत्या चिडली. “गॅरेज म्हणायला काय झालं होतं तुला? एक शब्द. माझ्यावर गेलायस मेल्या.” आणि मग दोघांना पुरून उरेल एवढा चहा टाकला.

नोकरी लागली ती पुढे, झेरॉक्सच्या गल्ल्यावर. दहा-बारा जणांची एक नवी कंपनी जागेच्या कराराच्या कॉप्या काढायला आली होती. आत्याने कॉप्या देता देता सांगितलं, “हा माझा भाचा. सकाळी उठत नाही. पण लिहितो ते खरं लिहितो.” त्यांनी त्याला बोलावलं, बघितलं, घेतलं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

पहिल्या दिवशी घरी आल्यावर आत्याने पगार विचारला नाही, साहेब कसा आहे विचारलं नाही. “तुमचं यंत्र काय करतं?” म्हणाली.

“तक्रारी वाचून उत्तरं देतं.”

“आणि पडद्यामागे कोण आहे?”

भाचा म्हणाला, “कोणी नाही, आत्या. आता खरंच मशीन करतं.” पण दुसऱ्या दिवशी बघितलं तर जिन्याखालच्या खोलीत कानाला हेडफोन लावून दोन बायका बसलेल्या होत्या. त्याने घरी येऊन तसं सांगितलं.

“नावं काय त्यांची?” आत्याने विचारलं.

उद्या विचारतो, असं भाचा म्हणाला, आणि विचारली. ती आता त्याच्या कंपनीच्या नोंदीत आहेत. पदापाशी काय लिहायचं, यावर अजून वाद चालू आहे.

खुर्ची मात्र आली नाही. लाल दोरीच्या आत ती अजून तशीच डावीकडे कलून उभी आहे, असं त्या बाकावरच्या मित्राने कळवलं. हल्ली तो भाच्याला वैयक्तिकरीत्या ओळखतो. आत्या अजून प्लास्टिकच्या स्टुलावर बसते. स्टुलाचा एक पाय आखूड आहे, म्हणून त्याखाली तिने कागदाची घडी घातली आहे. भाच्याने पहिल्या पगारात नवी खुर्ची आणायचं काढलं, तेव्हा ती म्हणाली, “काही नको. माझी एक आहे. दोन दिवसांसाठी दिलीये.”